उडीताईचं माप

उडीताईच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे आणि ते मी कोणालाही सांगणार नाही. विचारणारे खूप भेटतात. दवाखान्याच्या बाकावर बसलेलं असताना कोणाला तरी कळतं, की 'ठणठणीत' मालिकेचे कपडे मी शिवायचे. मग ती व्यक्ती हळूच कानाशी येते आणि विचारते, अहो, ती खरंच एवढी होती का, की टीव्हीवर जास्त दिसायची? मी सांगते, टीव्हीवर जरा कमीच दिसायची. आणि तोंड फिरवून बसते.

'ठणठणीत' ही लहान मुलांची मालिका. पोरं शाळेतून येऊन सोफ्यावर आडवी व्हायच्या वेळेला ती लागायची आणि त्यांना उठवायची, एवढंच तिचं काम. वाका, पळा, उड्या मारा, केळं खा, पाणी प्या, वेळेवर झोपा. हे सगळं सांगायची आणि करून दाखवायची ती उडीताई. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागत असेल. बाई ठेंगणी, रुंद, पोट पुढे आलेलं, दंड माझ्या मांडीएवढे. आणि उडी अशी मारायची की खाली येताना तिला कसलीच घाई नसायची.

आधी ती एका शाळेत खेळाची बाई होती. 'ठणठणीत' ज्यांनी सुरू केली त्या म्हाताऱ्या दिग्दर्शकांना सगळे आजोबा म्हणत. त्यांनी तिला शाळेच्या मैदानावर पोरांच्या पुढे पळताना पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. चॅनेलवाल्यांनी नाकं मुरडली. आजोबांनी भीक घातली नाही. सडपातळ माणूस उडी मारताना पाहिलं की पोर म्हणतं, त्याला येणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. हिला पाहिलं की म्हणेल, ही मारते तर मी का नाही? आणि झालंही तसंच. ज्या पोरांना मैदानावर कोणी आपल्या बाजूला घेत नाही, ती सगळी हिच्या बाजूला आली.

आमच्या स्टुडिओत एक नियम होता, तो बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. ताई बोलते ते ऐकायचं नाही, ताई करते ते करायचं. त्याचं कारण साधं होतं. घरी बघणारं मूल टीव्हीसमोर आरशासमोर उभं राहिल्यासारखं उभं असतं. म्हणून ताई तोंडाने 'उजवा हात' म्हणायची आणि वर करायची डावा. समोर अर्धगोलात उभी असलेली आमची पोरं ऐकून करायला लागली की ऐकू एक यायचं, दिसायचं दुसरंच, आणि त्यांचा नुसता गोंधळ व्हायचा. म्हणून प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं: कान बंद, डोळे उघडे, ताई जशी दिसते तसं करा. पोरं इतकी तयार झाली होती की ताईला शिंक आली तर दोन पोरं शिंकायची.

या सवयीने तिचं स्वतःचं डोकं मात्र कायमचं उलटं झालं. रस्त्यात कोणी पत्ता विचारला की ती ठामपणे उजवीकडे सांगायची, गल्ली असायची डावीकडे, आणि तो बिचारा शोधत फिरायचा. तिचा नवरा बसचालक. भाऊजी मला म्हणायचे, "ही उजवीकडे वळा म्हणाली की मी डावीकडे वळतो आणि नीट घरी पोचतो. संसारसुद्धा असाच केला."

भाऊजी म्हणजे वाळलेली काडी. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत त्यांच्या छातीचा भाता व्हायचा, जिन्याच्या वळणावर ते कठड्याला धरून उभे राहायचे. ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्यांना ओलांडून वर जायची, दार उघडायची, पाणी भरून ठेवायची. आणि शेजारचे म्हणायचे काय, तर यांनी बघा तब्येत कशी छान राखलीय, जरा बायकोलाही सांगा. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ताई हसायची. जाड असणं चांगलं, असं ती कधीच म्हणाली नाही. ती मोजून खायची, रोज पोहायची, दरवर्षी डॉक्टरांकडे जायची आणि डॉक्टर तिला म्हणायचे, चालू द्या. घराणंच तसं, आई तशी, मावश्या तशा. शरीर कमी झालं नाही म्हणून तिने ते घरी बसवून ठेवलं नाही, इतकंच.

मग आजोबा थकले, निवृत्त झाले, आणि नवे साहेब आले. साहेबांना मी खलनायक करणार नाही, तसे ते नव्हते. तरुण, गोड बोलणारे, मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करणारे. सकाळी उठून पळणारे. त्यांच्या अंगावर शर्ट असा बसायचा की माझ्यासारखीलाही बरं वाटावं. पण माणूस गोड बोलून काय करू शकतो, ते मी त्यांच्याकडून शिकले.

त्यांनी ताईला खोलीत बोलावलं आणि कपड्यांचं काम आहे म्हणून मलाही. बराच वेळ मालिकेचं कौतुक झालं. मग म्हणाले, आपण आरोग्याची मालिका करतो. ताई म्हणाली, हो. मग म्हणाले, लोक विचारतात. काय विचारतात, असं ताईने विचारलं, तर साहेबांना टेबलावरच्या पेनात एकदम फार रस वाटायला लागला. शेवटी म्हणाले, पडद्यावर जे दिसतं त्यावरच लोक विश्वास ठेवतात, तिथे आपला नाइलाज आहे.

ताई उठली. म्हणाली, चला, गच्चीपर्यंत जिना चढू. मला वाटलं साहेब टाळतील, पण त्यांनी कोट खुर्चीवर टाकला आणि निघाले. मी मागून लिफ्टने गेले, मला असली हौस नाही. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा साहेब गच्चीच्या दारात उभे होते, कपाळावर घामाचा थेंब नाही. ताई थोड्या वेळाने आली. तोंड लाल, श्वास जोरात, पण पायऱ्यांवर कुठे थांबली नव्हती.

"तुम्ही आधी पोचलात, साहेब," ती म्हणाली. "मी आधी पोचेन असं मी कधी म्हटलं? पण पोचले की नाही?"

साहेब हसले. म्हणाले, छान, खरंच छान. आणि खाली आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताईंसाठी आतून घालायचा एक घट्ट पट्टा शिवा. छातीपासून कमरेपर्यंत. आणि वरचे कपडे काळे, काळ्यात माणूस बारीक दिसतं. जसं काही हे मला माहीतच नव्हतं.

मी शिवला. जाड कापड, मागे नाड्यांचे बंद, ओढून बांधायचा. प्रत्येक टाक्याला मी साहेबांच्या नावाने काहीतरी म्हणत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, ताई तो पट्टा माझ्या तोंडावर फेकेल. तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, बांध. मी म्हटलं, तू शुद्धीवर आहेस का? ती म्हणाली, नाही बांधला तर हाकलतील, आणि मग चिमणीचं काय?

चिमणी म्हणजे अर्धगोलातली एक मुलगी. तिच्या घरी तिला लाडाने चिमणी म्हणायचे, आणि शाळेत पोरं त्याच नावाने हसायची, कारण पोर चांगली गोलमटोल होती. आमच्याकडे आली तेव्हा कोपऱ्यात उभी राहायची, दोन्ही हात पोटावर. ताईने काही उपदेश केला नाही. तिला सरळ पहिल्या रांगेत, आपल्या समोर उभं केलं. हात पोटावरून निघायला बरेच आठवडे गेले. आता ती सगळ्यांच्या आधी उडी मारायची. तिच्यासारख्या आणखी किती घराघरांत उभ्या असतील, असं ताई म्हणायची आणि त्यांच्यासाठी ती पट्टा बांधून घ्यायला तयार झाली.

मी गुडघा टेकवून बंद ओढले. ताईचं पोट आत गेलं, छाती वर आली, मान ताठ झाली. कपाटात अडकलेल्या माणसासारखी ती चालत सेटवर गेली. दिवे लागले, गाणं सुरू झालं.

तिला वाकता येईना. बोटं गुडघ्यापाशी येऊन थांबायची. श्वास गळ्यातून वर, गळ्यातून खाली. चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं. बाहेरून बघणाऱ्याला कदाचित ती खरंच थोडी बारीक दिसली असेल. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते, माझं लक्ष तिच्यावरच होतं, म्हणून पोरांकडे मी उशिरा पाहिलं.

सगळी पोरं ताठ उभी होती. सगळ्यांनी पोटं आत ओढली होती, माना वर काढल्या होत्या. वाकायची वेळ आली की गुडघ्यापाशी थांबत होती, एकजात. बारकी, हाडकुळी पोरंसुद्धा, ज्यांच्या अंगाला पोट नावाची गोष्टच नव्हती. ताई जशी दिसते तसं करायचं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. आणि पहिल्या रांगेत चिमणी. तिने पोट इतकं ओढून धरलं होतं की चेहरा लाल होऊन मग पांढरा पडायला लागला होता, ओठ दाबलेले, आणि तरी ती हसायचा प्रयत्न करत होती. ताईसारखं.

ताईला ते दिसलं. चालू चित्रीकरण थांबवायचा अधिकार तिला नव्हता, तो वर काचेच्या खोलीत बसून सगळं चालवणाऱ्या माणसांचा. ती थांबली. गाणं एकटंच पुढे वाजत राहिलं.

"काय होतंय गं तुला?" तिने चिमणीला विचारलं.

"पोट धरलंय," चिमणी म्हणाली. "तू धरलंस म्हणून."

ताई सरळ चालत पडद्यामागे आली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, सोड. माझ्या हातांना घाई झाली होती, गाठ सुटेना, शेवटी मी कात्री घातली. बंद तटातट तुटले. तिने असा एक श्वास घेतला की मला स्वतःला बरं वाटलं. मग ती परत गेली, आपलं पोट घेऊन, तुटका पट्टा हातात धरून. तो तिने सेटच्या मागे भिरकावला. कॅमेरे चालूच होते, कोणाला बंद करायचं सुचलं नव्हतं.

"पोट सोडा," ती पोरांना म्हणाली.

पोरांनी सोडलं. सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला आणि मग कोणाला तरी हसू आलं, मग सगळ्यांना. चिमणी जमिनीवर बसून हसत होती, हात कुठेही, पोट कुठेही. त्यानंतर ताईने जो भाग केला तसा तिने पूर्वी कधी केला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. ध्वनिमुद्रणवाला माझ्यावर खेकसला, तर मी त्याच्यावर खेकसले.

तो भाग कधी दाखवला गेला नाही. काचेच्या खोलीतून तो थेट कुठल्याशा कपाटात गेला. आठवड्याभरात साहेबांनी ताईला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची, चहा, सगळं होतं. ताईच्या जागी नवी मुलगी ठरली होती. ताईंनी येत्या रविवारी प्रेक्षकांचा निरोप घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. रविवारचा भाग थेट जायचा, घरची मुलं फोन करून ताईशी बोलायची. त्यात ताईंनी फक्त एक वाक्य म्हणायचं, की माझी प्रकृती ठीक नसते, म्हणून मी विश्रांती घेतेय. मग त्यांना ऑफिसात सल्लागार म्हणून ठेवू, बसून काम, पगार तोच. वाक्य नाही म्हटलं तर मात्र खुर्चीही नाही. कोणाचाच अपमान व्हायला नको, असं साहेब म्हणाले आणि मला वाटतं त्यांना ते मनापासून वाटत होतं.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात आम्ही तिघं. ताई गाजरं किसत होती, जरा जास्तच जोराने. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना जे वाटलं ते सांगितलं. वय झालंय, गुडघे किती दिवस साथ देणार, खुर्ची मिळतेय तर घे. एका वाक्याने काय होतं?

"वाक्य खोटं आहे," ताई म्हणाली.

"टीव्हीवर सगळंच खोटं असतं."

"माझं पोट खरं होतं ना."

ताईने किसणी खाली ठेवली. मग जे म्हणाली ते तिने आवाज न चढवता म्हटलं आणि म्हणून ते माझ्या अजून कानात आहे.

"जाड म्हणा. मी जाड आहेच, लहानपणापासून ऐकतेय, मला त्याचं काही नाही. काढलं म्हणा. मालक आहेत, काढतील. पण आजारी म्हणायचं नाही. मी आजारी म्हटलं ना, की रविवारी ती चिमणी आरशासमोर उभी राहील आणि म्हणेल, म्हणजे मी पण आजारी. मग ती परत कोपऱ्यात जाईल. तिला तिथून बाहेर काढायला मला किती वेळ लागला, ते तुम्हाला काय माहीत."

भाऊजींनी किसलेलं गाजर तोंडात टाकलं, चावलं, आणि म्हणाले, मग खुर्ची राहू दे. घरात खुर्च्या आहेत.

रविवारी साहेबांनी काळे कपडे काढून ठेवायला सांगितले होते. मी पिवळे काढले. ते मी तिच्यासाठी आजोबांच्या वेळी शिवले होते, कुठेही न आवळणारे, आणि त्या रंगात ती होती त्याहूनही रुंद दिसायची. तिने ते घातले, आरशात पाहिलं आणि म्हणाली, वा. भाऊजी बस आगारात लावून आले होते, गणवेशातच, आणि सेटच्या दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

भाग सुरू झाला. नेहमीसारखं वाकणं, हात वर, हात खाली. पोरांना काही माहीत नव्हतं. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा कॅमेऱ्याखाली तो फलक उचलून धरला गेला, ज्यावर मोठ्या अक्षरात ताईचं वाक्य लिहिलं होतं. ताईने त्याच्याकडे पाहिलं.

"इथे लिहिलंय, की माझी प्रकृती ठीक नाही म्हणून मी जातेय," ती म्हणाली. "ते खरं नाही. मी जाड आहे आणि मी बरी आहे. मला काढलंय, म्हणून मी जातेय. उद्यापासून दुसरी ताई येईल, तिच्याबरोबर रोज उड्या मारायच्या. तिचा काही दोष नाही."

फलक धरणाऱ्याचा हात हळूहळू खाली आला. काचेच्या खोलीत साहेब उभे राहिलेले मला दिसले. त्यांनी एक शब्द म्हटला असता तर प्रक्षेपण बंद झालं असतं. ते का म्हणाले नाहीत, ते मला ठाऊक नाही आणि त्यांना विचारायला मी गेले नाही.

आणि फोन वाजला. थेट भागात तो जोडून द्यायचाच असतो, फोनवालीने सवयीने जोडला. कुठल्या तरी घरातलं पोर, नाक चोंदलेलं.

"ताई, म्हणजे तू आजारी नाहीस?"

"नाही."

"मग तुला उडी येते अजून?"

"येते."

"मग मार ना."

ताईने मारली. समोर चिमणीने मारली, मग अख्ख्या अर्धगोलाने. आणि तेवढ्यात, ठरलेल्या मिनिटाला, टीव्हीच्या पडद्यावर तळाशी अक्षरांची एक पट्टी सरकायला लागली. कोणीतरी सकाळीच तयार करून यंत्रात घालून ठेवलेली, आणि या गडबडीत काढायला विसरलेली. सेटवरच्या टीव्हीत आम्ही सगळ्यांनी ती पाहिली. भाऊजींनी अक्षरं जुळवत मोठ्याने वाचली: आपल्या लाडक्या उडीताई प्रकृतीच्या कारणास्तव मालिकेचा निरोप घेत आहेत. ती पट्टी घराघरांत सरकत होती, एकदा संपली की पुन्हा सुरू होत होती, आणि तिच्या वर पिवळ्या कपड्यांतली ताई उड्या मारत होती.